‘सार्वजनिक’ शब्दाच्या सीमा : कॅलिफोर्नियातील राज्य-उद्यानांच्या आरंभीच्या लेखांची चिकित्सा

कॅलिफोर्निया राज्याच्या उद्यान-व्यवस्थेचा आरंभ केव्हा झाला, या प्रश्नाला तेथील इतिहासलेखनात एकच एक उत्तर सापडत नाही. १८६४ साली अमेरिकेच्या संघसरकारने योसेमिटीची दरी त्या राज्याच्या हवाली केली, तेव्हापासून हा इतिहास मोजणारे अभ्यासक आहेत. ती दरी पुढे संघसरकारकडे परत गेली; म्हणून १९०२ साली विकत घेतलेले आणि आजतागायत राज्याच्याच ताब्यात असलेले बिग बेसिनचे अरण्य हेच पहिले राज्य-उद्यान, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. ‘व्यवस्था’ या शब्दावर भर देणारा तिसरा पक्ष १९२७ च्या कायद्याकडे बोट दाखवितो. तिन्ही पक्षांना आधार आहे, आणि त्यांच्यातील वाद बराचसा गणनेचा आहे. ज्या लेखांच्या आधारे हा वाद चालतो, त्यांची भाषा मात्र क्वचितच तपासली जाते. कायदा, अहवाल, अर्ज, पाहणी हे सारे प्रथम शब्दांचे व्यवहार असतात. जमिनीचे व्यवहार त्यांच्या मागाहून येतात. त्या शब्दांपैकी ‘पब्लिक’ हा एकच शब्द येथे विचारासाठी घेतला आहे, कारण सर्व पक्ष त्याचा अर्थ गृहीत धरून पुढे जातात आणि नेमका तोच अर्थ गृहीत धरण्याजोगा नाही.

अध्यक्ष लिंकन यांनी ३० जून १८६४ रोजी स्वाक्षरी केलेला कायदा अवघ्या दोन कलमांचा आहे. पहिल्या कलमात योसेमिटीच्या दरीचे व दुसऱ्यात मारिपोसा येथील महावृक्षांच्या राईचे दान राज्याला दिले आहे. दान सशर्त आहे. भूमी ‘पब्लिक यूज, रिसॉर्ट अँड रिक्रिएशन’ यांसाठी, म्हणजे लोकांचा उपयोग, लोकांचे येणेजाणे आणि लोकांचा विरंगुळा यांसाठी राखावयाची. ती सर्वकाळ अहस्तांतरणीय राहील. तिच्या काही भागांचे भाडेपट्टे दहा वर्षांपर्यंत देता येतील. मिळकत तिच्या रक्षणावर, सुधारणेवर व रस्त्यांवर खर्च होईल. व्यवस्था राज्यपाल आणि आणखी आठ बिनवेतनी आयुक्त पाहतील. एवढाच मजकूर. या कायद्यात ‘पार्क’ हा शब्द नाही, याकडे प्रथम लक्ष वेधले पाहिजे. सौंदर्याचाही उल्लेख नाही. दरीचे वर्णन ग्रॅनाइटच्या पर्वतातील एक चीर किंवा घळ असे आहे, आणि तेही मोजणीच्या भाषेत : लांबी अंदाजे पंधरा मैल, कड्याच्या काठापासून मागे सरासरी एक मैल. सेनेटर जॉन कॉनेस यांनी हे विधेयक मांडताना सरकारच्या दृष्टीने ही जमीन कवडीमोलाची असल्याचा निर्वाळा दिला होता. कायद्याच्या शब्दांचे मूळ इझ्रेल रेमंड या जहाज-कंपनीच्या प्रतिनिधीने त्याच वर्षी फेब्रुवारीत कॉनेस यांना लिहिलेल्या पत्रात आहे. थोडक्यात, एका व्यापाऱ्याचे शब्द सेनेटने जवळजवळ जसेच्या तसे उचलले. त्यामुळे त्यांतील ‘पब्लिक’ हे विशेषण रिकामे आले. ते कोणाचे वाचक आहे, हे सांगण्याची गरज कायद्याला भासली नाही.

‘पार्क’ शब्दाच्या अनुपस्थितीला योगायोग म्हणता येईल, पण त्या शब्दाचा इतिहास पाहिला म्हणजे हा योगायोग सूचक वाटू लागतो. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला हा शब्द मुळात शिकारीच्या जनावरांसाठी कुंपण घातलेल्या जमिनीचा वाचक होता. कुंपण आणि मालक ही दोन्ही त्याच्या अर्थात अंतर्भूत होती. मराठीत त्याला दिलेला ‘उद्यान’ हा पर्याय वेगळ्या वाटेने आला आहे. उद् आणि या यांपासून झालेल्या या शब्दात बाहेर पडणे, फिरावयास जाणे हा अर्थ मूळचा आहे. लावलेली झाडे आणि आखलेले ताटवे हे अर्थ त्याला पुढे चिकटले. म्हणून ‘राज्य-उद्यान’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कारंजे उभे राहते आणि इंग्रजी शब्दातील कुंपण नाहीसे होते. प्रस्तुत विषयात तर कुंपणच महत्त्वाचे आहे.

रिकाम्या विशेषणात अर्थ भरण्याचे काम फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी केले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे हे सहरचनाकार त्या वेळी मारिपोसा येथील एका खाणीच्या जहागिरीची व्यवस्था पाहत होते. राज्यपाल फ्रेडरिक लो यांनी त्यांना आयुक्त नेमले, आणि ऑगस्ट १८६५ मध्ये त्यांनी दरीतच आपल्या सहकाऱ्यांना प्राथमिक अहवाल वाचून दाखविला. त्यातील ३७,००० डॉलरांची मागणी काही आयुक्तांना रुचली नाही. ओल्मस्टेड न्यूयॉर्कला परतताच अहवाल बाजूस सारला गेला आणि विधिमंडळापुढे गेलाच नाही. भूगर्भ-पाहणीच्या अनुदानाला हा खर्च प्रतिस्पर्धी ठरेल, अशी तिचे प्रमुख जोसाया व्हिट्नी यांना धास्ती होती, असे अभ्यासक मानतात. लॉरा वुड रोपर यांनी तो जुळवून १९५२ साली छापला. जो लेख ८७ वर्षे कोणाच्या वाचनात नव्हता, त्यालाच आज उद्यान-विचाराचा मूलग्रंथ मानण्यात येते. एखाद्या मजकुराचा प्रभाव आणि त्याची प्रतिष्ठा या भिन्न गोष्टी आहेत, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

प्रतिष्ठा मात्र अनाठायी नाही. अहवालाची बांधणी एखाद्या कुशल वकिलाच्या युक्तिवादासारखी आहे. आरंभी नफ्याची भाषा येते : स्वित्झर्लंडला निसर्गदर्शनासाठी येणाऱ्या प्रवाशांमुळे जसे उत्पन्न मिळते, तसे कॅलिफोर्नियालाही मिळेल. विधिमंडळाच्या सदस्यांना हा मुद्दा पटेल, हे ओल्मस्टेड जाणून होते. पण लगेच ते हा मुद्दा गौण ठरवून राज्यसंस्थेच्या कर्तव्याकडे वळतात. निसर्गदर्शनाने मनाला विश्रांती मिळते. ती न मिळाल्यास मेंदूचे व मनाचे विकार जडतात. ब्रिटनमध्ये उत्तमोत्तम निसर्गस्थळे मूठभर धनिकांच्या खाजगी पार्कांत बंदिस्त आहेत आणि कष्टकऱ्यांच्या वाट्याला ती येत नाहीत. म्हणून प्रजासत्ताकात ती सर्वांसाठी मोकळी ठेवणे हे सरकारचे कर्तव्य होय. येथे ‘रिक्रिएशन’ शब्दाचा व्युत्पत्तिसिद्ध अर्थ, म्हणजे झिजलेल्या शक्तीची पुनर्निर्मिती, पूर्णपणे जागा झाला आहे. त्याचे ‘मनोरंजन’ असे भाषांतर करणाऱ्याने हा अहवाल वाचलेला नसावा.

यापुढचे पाऊल अधिक धाडसाचे आहे. वर्षाला काही शेकडे प्रवासी येत होते तेव्हा ओल्मस्टेड शंभर वर्षांनंतरची गणती लक्षावधींत करतात. एकेका प्रवाशाकडून होणारी हानी नगण्य असली तरी तिला लक्षांनी गुणले म्हणजे काय उरेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यावरून ते असा निष्कर्ष काढतात की, आजच्या प्रवाशाची सोय आणि भावी पिढ्यांचा हक्क यांत विरोध आला तर भावी पिढ्यांचा हक्क वरचढ ठरावा. योसेमिटीस भेट देणाऱ्यांची वार्षिक संख्या १९५४ साली दहा लाखांवर गेली. हिशेब चुकला नव्हता. परंतु अर्थशास्त्रीय दूरदृष्टीपेक्षा येथील शब्दार्थाचा विस्तार अधिक लक्षणीय आहे. ‘पब्लिक’ म्हणजे समोर असलेले लोक, ही कल्पना मागे पडून अद्याप जन्माला न आलेले लोकही त्या शब्दाच्या पोटात आले. कायद्यातील ‘सर्वकाळ’ या क्रियाविशेषणाला त्यामुळे कर्ता मिळाला. हा विस्तार नसता तर नंतरच्या कोणत्याही उद्यान-कायद्याला नैतिक आधार उरला नसता.

हाच शब्द काळाच्या दिशेने पसरत असताना स्थळाच्या बाबतीत मात्र आखडत होता. अहवालातील ज्या परिच्छेदाकडे गौरवपर लेखन पाठ फिरविते, त्यात ओल्मस्टेड असे प्रतिपादन करतात की, निसर्गदृश्याने हेलावून जाण्याची शक्ती मनुष्याच्या सुधारणेच्या प्रमाणात असते. हजार रानटी माणसांत ती जितक्यांच्या ठिकाणी दिसेल, त्याहून पुष्कळ अधिक जणांच्या ठिकाणी ती हजार सुधारलेल्या माणसांत दिसेल. हा विचार त्या शतकात सर्वत्र प्रचलित होता, एवढे सांगून तो सोडून देता येत नाही. अहवालाच्या युक्तिवादात तो शोभेचा नव्हे, भार वाहणारा दगड आहे. निसर्गावरचा हक्क जर निसर्गाने हेलावून जाण्याच्या पात्रतेतून निर्माण होत असेल, तर ज्यांच्या ठिकाणी पात्रता कमी त्यांचा हक्कही कमी, हे त्यातूनच निष्पन्न होते. दरीत त्या वेळीही मिवोक कुळे राहत होती. अहवालात ती आढळतात, पण हक्कदारांच्या यादीत नव्हे. झाडे-झुडपे जाळणाऱ्या उपद्रवी लोकांत त्यांची गणना झाली आहे.

या जाळण्याची दुसरी बाजू गेलन क्लार्क यांच्या लेखणीतून कळते. राज्याने १८६६ साली दान औपचारिकपणे स्वीकारून त्यांना दरीचे पहिले रक्षक नेमले होते. १८९४ मध्ये आयुक्तांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी नमूद केले की, आपण १८५५ साली प्रथम आलो तेव्हा दरीत दाट झुडपे नव्हती, आणि मोकळी कुरणे आताच्या किमान चौपट होती. मूळ रहिवासी ठराविक काळाने आग लावून जमीन साफ ठेवीत असत. ज्या मोकळ्या, कुरणांच्या देखाव्याला ओल्मस्टेड निसर्गाची कृती समजले, त्यात माणसाच्या हाताचा मोठा वाटा होता. उद्यानकारालाच दुसऱ्याचे उद्यान ओळखता आले नाही.

नावांच्या इतिहासात हाच प्रकार अधिक स्पष्ट दिसतो. मारिपोसा बटालियन ही सशस्त्र तुकडी १८५१ साली दरीत शिरली, ती तेथील लोकांना हुसकावून फ्रेझ्नो नदीकाठच्या राखीव वस्तीत नेण्यासाठी. तिने त्यांचे ओकच्या फळांचे साठेही जाळले. तुकडीतील लाफायेट बनेल यांच्या सूचनेवरून दरीला ‘योसेमिटी’ हे नाव मिळाले. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ मोठे तपकिरी अस्वल असा होता. दक्षिण मिवोक भाषेत अस्वलवाचक शब्दाचा उच्चार या नावाशी जुळता आहे खरा. पण नावाचे मूळ त्या भाषेतील ‘मारणे’ या अर्थाच्या धातूकडे जाते, आणि ‘ते मारणारे लोक’ असा त्याचा अर्थ लागतो. शेजाऱ्यांनी भीतीने वापरलेले हे बाहेरचे नाव होय. रहिवासी आपल्या दरीला अवानी म्हणत. सिल्व्हिया ब्रॉडबेंट यांचे दक्षिण सिएरा मिवोक भाषेवरील वर्णनात्मक पुस्तक १९६४ साली, म्हणजे कायद्याच्या बरोबर शताब्दीस प्रसिद्ध झाले. तोवर ती भाषा बोलणारे थोडेच उरले होते. बनेल यांनीच आणखी एक प्रसंग नोंदविला आहे. एका सरोवराला तेनाया या प्रमुखाचे नाव देण्याचे त्यांनी ठरविले आणि हा सन्मान त्याला सांगितला, तेव्हा त्या सरोवराला आधीच नाव आहे, असे उत्तर त्याने दिले. बनेल यांनी ते उत्तर प्रामाणिकपणे लिहून ठेवले आणि नाव मात्र बदललेच.

‘रिझर्व्हेशन’ या शब्दाची कथाही याच्याच शेजारी ठेवावी लागते. इंग्रजीत हा शब्द मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या वस्तीला लावला जात होता. १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नायगाऱ्याच्या काठची जमीन विकत घेऊन धबधबा मोकळा केला, तेव्हा त्या जागेलाही हाच शब्द लावण्यात आला. एका राखणुकीत माणसे आत कोंडली जातात, दुसरीत ती राहण्यापुरती बाहेर ठेवली जातात. शब्द एकच राहतो, कारण राखून ठेवणारा एकच आहे.

गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बाबतीतही ‘पब्लिक’ शब्दाची कसोटी लागली, परंतु निकाल निराळा झाला. जेम्स हचिंग्ज यांनी दरीतील १६० एकरांवर कबजाहक्क सांगितला. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे त्यांच्या विरुद्ध निर्णय झाला : केवळ वसाहत केल्याने सरकारविरुद्ध हक्क उत्पन्न होत नाही. असे असूनही राज्याने १८७४ साली दरीतील वसाहतवाल्यांना भरपाई दिली, आणि १८८० साली हेच हचिंग्ज दरीचे रक्षक म्हणून नेमले गेले. न्यायालयात हरलेल्याला भरपाई आणि अधिकारपद मिळाले. ज्यांनी न्यायालयाचे दार पाहिलेच नव्हते, ते हॉटेलांत व शेतांत मजुरी करून त्याच दरीत राहिले.

राज्याच्या कारभारावर पुढे बरीच टीका झाली. कुरणांना कुंपणे पडली, गवत कापून विकले गेले. १८९० मध्ये भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाल्यावर दरी बेटासारखी मधोमध उरली. जॉन म्यूर प्रभृतींच्या प्रयत्नांनी १९०५ साली विधिमंडळाने ती परत करण्याचे ठरविले, आणि १९०६ साली संघसरकारने ती स्वीकारली. दरम्यान १८७२ मध्ये यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान झाले होते. तो प्रदेश अद्याप राज्य नसल्याने दान घेण्यास कोणी नव्हते, हे त्या ‘राष्ट्रीय’ विशेषणाचे एक साधे कारण होय. सर्वकाळ अहस्तांतरणीय ठरविलेली भूमी अशा रीतीने बेचाळीस वर्षांत दात्याकडे परतली.

बिग बेसिनची कथा या पार्श्वभूमीवर वाचनीय ठरते, कारण येथे राज्याला दान मिळाले नाही. राज्याने पैसे मोजले. अँड्र्यू हिल या छायाचित्रकाराला एका खाजगी राईत छायाचित्रे घेण्यास मालकाने मनाई केली, आणि या झाडांवर सर्वांचा हक्क असला पाहिजे, हा विचार त्याच्या मनाने घेतला. मे १९०० मध्ये सेम्परव्हायरन्स क्लब स्थापन झाला. १९०१ साली विधिमंडळाने अडीच लाख डॉलर मंजूर केले आणि पुढच्या वर्षी सुमारे ३,८०० एकर अरण्य राज्याचे झाले. क्लबने आपले नाव झाडाच्या शास्त्रीय नावातून घेतले : सेम्परव्हायरन्स, म्हणजे सदैव हिरवे. ‘सर्वकाळ’ हा कायद्यातील शब्द येथे झाडाच्या अंगी चिकटला आहे. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात हे उद्यान जवळजवळ संपूर्ण होरपळले. तरी पुष्कळ रेडवुड वृक्षांना जळक्या खोडांतून पालवी फुटली. त्याच झाडाच्या प्रजातीचे ‘सिकोया’ हे नाव ऑस्ट्रियन पंडित एंडलिखर यांनी १८४७ मध्ये दिले. ते वनस्पतिशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय चिनी भाषेचे व्याकरणकारही होते. म्हणून चेरोकी लिपीचा जनक सिकोया याच्या नावावरून त्यांनी ते घेतले असावे, असा समज रूढ झाला. त्यांनी स्वतः कारण दिलेले नाही, आणि वाद मिटलेला नाही. समज खरा मानला तरी विसंगती राहतेच : ज्या काळात त्या किनाऱ्यावरील भाषा बोलणारे नष्ट होत होते, त्या काळात तेथील झाड एका लिपिकाराचे स्मारक बनले.

१९१८ साली स्थापन झालेल्या सेव्ह द रेडवुड्स लीगच्या संस्थापकांत मॅडिसन ग्रँट होते. वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारे त्यांचे पुस्तक दोनच वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाले होते. उदात्त, प्राचीन, शुद्ध आणि नष्ट होऊ घातलेले ही एकच विशेषणमाला त्यांच्या पिढीने वंशाला व वृक्षाला लावली. यावरून वृक्षरक्षणच दूषित ठरविणे हा उतावळेपणा होईल, कारण लीगने वाचविलेली अरण्ये खरी आहेत. परंतु ओल्मस्टेड यांच्या अहवालातील पात्रतेचा सिद्धान्त अर्ध्या शतकानंतर कोणत्या रूपात वाढला, हे यात दिसते. प्रेअरी क्रीक उद्यानातील ग्रँट यांचे स्मारक राज्याने २०२१ मध्ये हलविले.

‘व्यवस्था’ या नावाला पात्र अशी रचना १९२७ मध्ये आली. उद्यान-आयोग नेमला गेला, संपूर्ण राज्याच्या पाहणीचा आदेश निघाला, आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये मतदारांनी साठ लाख डॉलरांचे कर्जरोखे मोठ्या बहुमताने मंजूर केले. तितकीच रक्कम देणग्यांतून उभी करावयाची होती. पाहणीचे काम धाकट्या ओल्मस्टेड यांच्याकडे, म्हणजे १८६५ च्या अहवालकर्त्याच्या मुलाकडे आले. तीनशेहून अधिक सूचनांतून त्यांनी १२५ निवडल्या. त्यांची शैली वडिलांच्या विरुद्ध टोकाची आहे : संयत, कसोट्यांची, प्रशासकाची. दूरच्या जिल्ह्यांतील लोकांनाही ओढून आणण्याइतके स्थळ वैशिष्ट्यपूर्ण असावे, या एका कसोटीने त्यांनी ‘राज्य’ या विशेषणाला निश्चित अर्थ दिला, आणि साहित्यगुणांत उणा असूनही हा लेख कामाचा ठरला. ‘पब्लिक’ म्हणजे आता मोटारीने येणारा नागरिक. त्याच्या पात्रतेची चर्चा येथे नाही. तशीच कोणाला वगळले आहे, याचीही नाही.

त्याच वर्षांत लॉस एंजल्सजवळच्या मॅनहॅटन बीच येथे काय घडत होते, ते पाहिले म्हणजे हे मौन बोलके वाटते. ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याने १९१२ पासून समुद्रकिनारी चालविलेले विश्रामस्थान नगरपालिकेने १९२४ मध्ये सक्तीने संपादन केले. कागदोपत्री कारण सार्वजनिक पार्क. जागा कित्येक वर्षे पडून राहिली, पुढे राज्याकडे व नंतर परगण्याकडे गेली, आणि २०२२ साली वारसांना परत मिळाली. लोकांसाठी म्हणून काही लोकांना उठविणे हे या शब्दाच्या आधारे किती सहज शक्य होते, याचा हा दाखला.

मराठी अभ्यासकाला या अर्थसंकोचाचे नवल वाटण्याचे कारण नाही. ‘सार्वजनिक’ हा शब्द सर्वजनांपासून बनलेला आहे, आणि पुण्यात १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने तो राजकीय व्यवहारात रुजविला. पण सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाला १९२३ मध्ये करावा लागला, आणि तो ठराव होऊनही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. जो शब्द व्युत्पत्तीनेच सर्वांचा, त्याला पुन्हा ‘सर्वांसाठी’ अशी पुस्ती जोडावी लागली. ‘पब्लिक’ चे भाषांतर ‘सार्वजनिक’ असे करणे अचूक आहे, ते दोन्ही शब्दांच्या या समान व्यंगामुळेही.

१९२८ च्या कर्जरोख्यांनंतर लवकरच राज्याने घेतलेल्या स्थळांत उत्तर किनाऱ्यावरील एक भूशिर होते. १८५१ साली तेथे जमीन धरणाऱ्या पॅट्रिक बीगन या वसाहतवाल्याच्या नावावरून त्याला पॅट्रिक्स पॉइंट म्हणत. मूळ रहिवाशांच्या हत्येचा आरोप त्याच्यावर होता. युरोक जमातीच्या विनंतीवरून उद्यान-आयोगाने ३० सप्टेंबर २०२१ रोजी ते नाव काढून युरोक भाषेतील सू-मेग हे नाव उद्यानाला दिले. कॅलिफोर्नियाच्या राज्य-उद्यानाचे नाव बदलून मूळ रहिवाशांचे नाव परत आणण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. नकाशावरील भूशिराचे नाव बदलण्याचा निर्णय आयोगाच्या अधिकारात येत नव्हता.